जत्रेच्या नाटकाचं पोस्टर : नेमका अभिप्राय कसा मागावा आणि आलेल्याचं काय करावं?

खारफुटी :
नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानच्या जत्रोत्सवात संगीत नाटक आहे, त्याचं पोस्टर सोबत जोडलं आहे. समितीच्या व्हॉट्सॲप गटात टाकल्यावर बरेच अंगठे आले. शिवाय 'रंग जरा उठून दिसू देत' आणि 'देवाचा फोटो मोठा करा' अशा दोन सूचना आल्या. यावरून काय बदलायचं ते ठरवता येत नाही. कसं वाटतं ते मोकळेपणी सांगा.

शिरोरेखा :
पोस्टरवर मेहनत दिसते, म्हणूनच आधी तुमच्या प्रश्नाबद्दल बोलते. 'कसं वाटतं' असं विचारलं की उत्तर देणाऱ्याच्या हातात स्वतःच्या आवडीखेरीज दुसरं मापच राहत नाही. मग 'छान' येतं, नाहीतर 'निळा चालला असता'. दोन्हींचा तुम्हांला उपयोग नाही.

एवढं लिहून परत टाका :
पोस्टर कोण वाचणार, कुठे उभं राहून, किती लांबून. त्या माणसाने वाचून काय करावं असं तुम्हांला वाटतं. काम कुठवर आलंय. कच्चं रेखाटन आहे, मांडणी चालू आहे की उद्या छापायला जायचंय? कच्च्या रेखाटनावर कोणी ऱ्हस्व-दीर्घ काढत बसलं तर त्याचा वेळ वाया जातो, आणि छपाईच्या आदल्या दिवशी कोणी मांडणीच उलटी करायला सांगितली तर तुमचा. काय बदलता येणार नाही तेही सांगा. आणि तुम्हांला स्वतःला जिथे शंका आहे असे दोन किंवा तीन प्रश्न. त्याहून जास्त नकोत. दहा प्रश्न विचारले की लोक पहिल्या दोनांनाच उत्तर देतात.

चित्र जोडतानाही एक काळजी घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं, बारीक अक्षरं फुटतात आणि मग अभिप्राय त्या फुटलेल्या अक्षरांवर येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अख्खं पोस्टर एक आणि ज्याबद्दल शंका आहे त्या भागाचा खऱ्या आकारातला तुकडा एक, अशी दोन चित्रं द्या.

खारफुटी :
आभार. पुन्हा मांडतो.

आकार ए३ उभा, १३० जीएसएम आर्ट पेपर, २०० प्रती. दुकानांच्या दारांवर, बसथांब्यांवर आणि देवळाच्या आवाराच्या भिंतीवर लागणार. मोबाइलसाठी त्याचीच १०८० × १३५० पिक्सेलची आवृत्ती. वाचणारे मुख्यतः आजूबाजूच्या गावांतले, त्यांत वयस्क बरेच. वाचून त्यांना दिवस, वेळ आणि जागा लक्षात राहायला हवी, बाकी सगळं त्यानंतर.

बदलता येणार नाही : सर्वांत वर देवस्थानचं नाव, समितीच्या नऊ जणांची नावं (अध्यक्ष, मुखत्यार, सचिव, खजिनदार आणि सदस्य), खाली ४० मिमीची देणगीदारांची पट्टी. पार्श्वरंग गडद तांबडा (आरजीबी, म्हणजे पडद्यावरचे लाल-हिरवा-निळा आकडे : १३९, २६, २६), मजकूर शेंदरी (२५५, १२७, ३९), देणगीदारांची पट्टी पिवळी. रंग ठरलेत, पण पक्के नाहीत. मांडणी अजून मोकळी आहे.

प्रश्न : (१) तीन मीटरवरून तारीख-वेळ लगेच सापडते का? (२) अक्षरांत कुठे वाचताना अडखळायला होतं का? (३) नऊ नावांमुळे मधला भाग गच्च झालाय का? चित्राच्या शैलीवर सध्या मत नको, ते काम दुसऱ्या चित्रकाराचं आहे आणि पूर्ण झालंय.

चिरेबंदी :
आता बोलता येतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर : नाही सापडत.

माझी नजर अशी गेली : देवाचं चित्र, नाटकाचं नाव, तिथून थेट खालची पिवळी पट्टी, आणि मग परत वर येताना तारीख. पट्टीतला काळा मजकूर पिवळ्यावर आहे, पोस्टरमधला सर्वांत मोठा उजेड-अंधाराचा फरक तिथेच आहे, म्हणून ती ओढून घेते. तारखेची अक्षरं तुमच्या खऱ्या आकाराच्या तुकड्यात मोजली तर जेमतेम ५ मिमी उंच भरतात. पाट्या रंगवणारे सोपा हिशोब धरतात, तीन मीटरला सुमारे २५ मिमी. त्याहून लहान अक्षर वाचता येत नाही असं नाही, पण चालत्या माणसाला थांबावं लागतं. वार, महिना सगळं २५ मिमीत बसवायला ए३ ची रुंदी पुरणार नाही. तारखेचा आकडा तेवढा करा, वार आणि महिना त्याच्या निम्म्याने चालतील.

दुसरं, शेंदरी आणि तांबडा. तुमच्या आकड्यांवरून त्यांच्यातल्या उजेड-अंधाराच्या फरकाचं गुणोत्तर साधारण ३.७ : १ येतं. पडद्यावरच्या साध्या मजकुरासाठी वेब सुगम्यतेच्या निकषात किमान ४.५ : १ लागतं, मोठ्या ठळक अक्षरांना ३ : १ चालतं. म्हणजे नाटकाचं नाव शेंदरीत राहू शकतं, समितीची नावं राहू शकत नाहीत. तोच मजकूर मोतिया रंगात (२५५, २४३, २१४) घेतला तर गुणोत्तर ८.४ : १ च्या आसपास जातं. समितीतल्या माणसाने 'रंग उठून दिसू देत' म्हटलं ते बहुधा हेच असावं. रंग फिका नाहीये, दोन रंग एकमेकांच्या जवळचे आहेत. फोनमध्ये पोस्टर कृष्णधवल करून बघा, जिथे अक्षर पार्श्वभूमीत विरघळतं तिथे अडचण आहे.

आणि भिंत विसरू नका. आवाराची भिंत गिलाव्याविना चिऱ्याची, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाची, असेल तर तांबड्यावर तांबडं पोस्टर लागणार. चारही बाजूंनी १२ ते १५ मिमीची मोतिया कड ठेवा, पोस्टर भिंतीपासून सुटं होईल.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल : नावं काढूनच टाका, प्रेक्षकाला त्यांचा उपयोग नाही.

शिरोरेखा :
@चिरेबंदी, पहिल्या तिन्ही मुद्द्यांना अनुमोदन. शेवटच्याला नाही. नावं राहणार हे धागाकर्त्याने आधीच सांगितलंय. गोव्यात देवस्थानच्या पत्रकावर महाजनांपैकी (देवस्थानच्या सभासदांपैकी) कोणाची नावं आणि कोणत्या क्रमाने, हा समितीचा विषय असतो, मांडणी करणाऱ्याचा नव्हे. घातलेल्या अटीच्या बाहेरचा सल्ला बरोबर असला तरी वापरता येत नाही.

अट तशीच ठेवून बघू. सध्या नऊ नावं एकाखाली एक आहेत, त्यामुळे पोस्टरची मधली तृतीयांश उंची गेली आहे. दोन्हीकडे १५ मिमी समास सोडला तर २६७ मिमी रुंदी उरते. तीन स्तंभ, प्रत्येकात तीन नावं. पद बारीक अक्षरात वर, नाव मध्यम वजनात खाली. मानाचा क्रम डावीकडून उजवीकडे ओळीने जाईल असा लावा आणि समितीला तो क्रम आधी दाखवा, नाहीतर लोक स्तंभ वरून खाली वाचतात आणि अध्यक्षांखाली चौथं नाव येतं. वाचलेली जागा तारखेला द्या.

आबोली :
अक्षरांबद्दल लिहिते. तुमच्या तुकड्यात ही ओळ आहे : 'गावकर्यांच्या सहकार्याने'. यात पहिल्या शब्दात 'ऱ्या' हवा, दुसऱ्यात 'र्या' बरोबर आहे. गावकऱ्यांच्या, सहकार्याने. मराठीत हे दोन उच्चार वेगळे आहेत (दर्या आणि दऱ्या म्हणून बघा), आणि नेमकं या ओळीत दोन्ही शेजारी बसल्यामुळे चूक डोळ्यांत भरते. युनिकोडमध्ये नुक्त्याचा ऱ, हलन्त, य असा क्रम टंकला की अर्धचंद्रासारखा र येतो. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर रूपांतर करून घेतला असेल तर हा ऱ बऱ्याचदा हरवतो. तेव्हा असा सगळा मजकूर मूळ कागदासमोर धरून वाचा.

दुसरं, देवस्थानच्या नावाची अक्षरं तुम्ही एकमेकांपासून लांब-लांब केली आहेत. रोमन अक्षरांत हे शोभतं, देवनागरीत शिरोरेखा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांचा होतो. रुंदी भरायची असेल तर अक्षराचा आकार वाढवा किंवा रुंद वळणाचा फॉन्ट घ्या, पण अंतर शून्यच ठेवा.

तिसरं, नाटकाच्या नावाला बाहेरून मोतिया रेघ दिलीत, तिथे शिरोरेखेच्या सांध्यांवर उभे बारीक काप दिसतात. प्रत्येक अक्षराचा आराखडा शेजारच्यावर थोडा चढलेला असतो, रेघ दिली की तो चढ उघडा पडतो. अक्षरांचे आकार (आउटलाइन) करा, सगळे एकत्र जोडा आणि मगच रेघ द्या. मूळ टंकलेली प्रत वेगळ्या थरात जपून ठेवा, पुढे मजकूर बदलावा लागेल.

चौथं, दोन ओळींचं शीर्षक. वरच्या ओळीतला ऊकार खालच्या ओळीतल्या रफाराला टेकतोय. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार दोन्हींसाठी जागा लागते. शीर्षकाला अक्षराच्या आकाराच्या १.३ ते १.४ पट ओळअंतर ठेवून बघा, बारीक मजकुराला १.५.

इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये भारतीय लिपी जाणणारा कंपोझर (अक्षरं जुळवणारी सोय) निवडलाय ना तेही बघा. साधा कंपोझर असेल तर पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरं सुटतात. मजकुराची भाषा मराठी ठेवली तर ज्या फॉन्टांत सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीतले नाही. वयस्क वाचकाला हा फरक नाव देऊन सांगता येणार नाही, पण वाचताना जाणवतो.

माडसावली :
आबोली यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. मी समितीकडून, म्हणजे डिझाइनच्या बाहेरच्या माणसांकडून, उपयोगी अभिप्राय कसा काढायचा ते सांगतो, कारण मूळ अडचण तिथे आहे.

गटात विचारू नका. पहिल्याने जे लिहिलं त्याच्या मागे बाकीचे जातात, आणि अध्यक्षांनी अंगठा दिला की विषय संपतो. चार-पाच जणांना एकेकटं गाठा. त्यांत किमान एक वाचायच्या चष्म्याची गरज असलेली व्यक्ती, एक बाहेरच्या गावची. पोस्टर फोनवर पाच सेकंद दाखवा, फोन पालथा ठेवा, आणि तीनच प्रश्न विचारा : काय आहे, कधी आहे, कुठे आहे. ते जे बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, आपल्या शब्दांत वळवू नका. 'आवडलं का' हे विचारूच नका. समोरचा माणूस ओळखीचा असतो, तो नाही म्हणणार नाही.

मग भिंतीची चाचणी. पोस्टर दोन ए४ कागदांवर अर्धं-अर्धं छापून चिकटवा, साधा काळा प्रिंटर चालतो. भिंतीला लावून तीन मीटरवर रेघ मारा. तिथून एकेकाला मोठ्याने वाचायला सांगा. कोणत्या ओळीवर पाय पुढे पडतो ते बघा, त्या ओळीचं अक्षर लहान आहे.

सूचना उपायाच्या रूपात आली की मागची तक्रार शोधा. 'देवाचा फोटो मोठा करा' याला लगेच हो किंवा नाही म्हणू नका. विचारा, 'आता बघताना काय खटकतं?' तुमच्या पोस्टरमध्ये मुकुटाचा वरचा कळस शीर्षकाखाली गेलाय आणि प्रभावळ उजवीकडे कापली आहे. भाविकाला ते खटकणारच, फक्त तो ते 'मोठा करा' या शब्दांत सांगतो. मूर्ती आहे त्याच आकारात पूर्ण दाखवा, भोवती अक्षराविना मोकळी जागा सोडा आणि परत दाखवा. तरीही मोठा हवाच म्हणाले तर मग आकार वाढवा.

शेवटी निर्णय एकाच माणसाकडून घ्या. सचिव असोत वा आणखी कोणी, सगळ्यांच्या सूचना त्यांनी गोळा कराव्यात, एकमेकांविरुद्धच्या समितीतच मिटवाव्यात आणि एक लेखी यादी द्यावी. किती फेऱ्या तेही आधी ठरवा, दोन पुरतात. प्रत्येक फेरीच्या फाइलला क्रमांक द्या. 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावं दिली की कोणीतरी जुन्या फाइलवर अभिप्राय देतो.

चिरेबंदी :
नावांबद्दल शिरोरेखा यांचं म्हणणं मान्य. एक राहिलं, देणगीच्या पट्टीतला क्यूआर. तो १५ मिमीचा आहे. अंतराच्या एक-दशांश आकार असा ढोबळ नियम धरला तर १५ सेंटिमीटरवर फोन न्यावा लागेल. दाराच्या काचेवर जमेल, देवळाच्या भिंतीवर गर्दीत नाही. किमान ३० मिमी करा. आणि कोडच्या भोवती त्यातल्या चार बारीक चौकोनांएवढी रिकामी पांढरी कड लागतेच. तुम्ही कोडची कड पट्टीच्या पिवळ्यात मिसळली आहे आणि एका बाजूला मजकूर टेकलाय. पांढऱ्या चौकटीवर काळा कोड ठेवा, उलटे रंग काही फोन वाचत नाहीत.

शाईघर :
छपाईच्या बाजूने. फोनवर बघून रंगाबद्दल दिलेलं मत गृहीत धरू नका. प्रत्येकाच्या पडद्याचा उजेड वेगळा, आणि पडद्यावरचा शेंदरी कागदावर मंदावतो. फाइल सीएमवायकेत (छपाईच्या चार शायांच्या रंगांत) आणून, ज्या कागदावर २०० छापायच्यात त्याच कागदावर एक प्रत काढून घ्या आणि ती दिवसाच्या उजेडात दाखवा. रंगावरचा अभिप्राय त्या प्रतीवरच घ्यायचा.

तांबडा चार शायांतून बनवलात तर त्यावरची बारीक मोतिया अक्षरं बुजतात, कारण शाया केसभर सरकल्या तरी अक्षराच्या आत रंग शिरतो. निळी शाई काढा : मॅजेंटा १००, पिवळा ९०, काळा ४५ असा तीन शायांत चांगला गडद तांबडा मिळतो. समितीची नावं १० पॉइंटखाली नेऊ नका आणि बारीक वजन टाळा. पिवळ्या पट्टीतला काळा मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के. चार शायांचा काळा बारीक अक्षराला वापरला की कडेला रंगीत सावली दिसते.

देवाचा फोटो मोठा करायचं ठरलं तर आधी त्याची रुंदी बघा. १२८० पिक्सेलचा फोटो २०० मिमी रुंद लावला की इंचाला १६० च्या आसपास ठिपके पडतात. हातात धरून बघायच्या कागदाला ३०० लागतात. मूळ कॅमेऱ्यातली फाइल मागवा.

बसथांब्यावर ऊन लागणार असेल तर पिवळा आणि मॅजेंटा आधी उडतात, तांबडं पोस्टर काही आठवड्यांत तपकिरी होऊन फिकं पडतं. फार आधी लावायचं असेल तर निदान तारखेची चौकट काळ्यावर मोतिया करा, ती टिकते.

खारफुटी :
सगळ्यांचे मनापासून आभार. वही काढून प्रत्येक सूचना, कोणाची, घेतली की नाही आणि का, असं लिहिलं. स्थिती अशी :

घेतलेलं : तारखेचा आकडा २६ मिमी, मजकूर मोतिया, शेंदरी फक्त नाटकाच्या नावाला, मोतिया कड, नावांचे तीन स्तंभ, क्रम ओळीने, 'गावकऱ्यांच्या' दुरुस्त, अक्षरांमधलं अंतर शून्य, मूर्ती पूर्ण, भोवती मोकळी जागा, क्यूआर ३२ मिमी. ओळअंतर १.३५ वर ऊकार-रफार सुटे झाले.

न घेतलेलं : काळी चौकट. देवकार्याच्या पत्रकावर तारखेमागे काळं नको असं समितीचं म्हणणं आहे. त्याऐवजी पोस्टर जत्रेच्या फक्त दहा दिवस आधी लावणार, म्हणजे उन्हाचा प्रश्न बराच कमी होतो.

एक नवी शंका. नाटक पालखीनंतर, साधारण रात्री साडेबाराला सुरू होतं. सध्या 'शनिवार, रात्रौ १२.३० वाजता' असं लिहिलंय. पाच सेकंदांच्या चाचणीत एका काकींनी विचारलं, 'म्हणजे शुक्रवारची रात्र की शनिवारची?' काय लिहावं?

आबोली :
काकींनी सर्वांत महत्त्वाची चूक पकडली. घड्याळाने बघितलं तर शनिवारचे रात्रीचे साडेबारा म्हणजे शुक्रवार संपून लगेच. लोक बोलताना मात्र शनिवारी संध्याकाळी सुरू झालेली रात्र धरतात. दोन्ही वाचकांना चालेल असं लिहायचं तर घड्याळाच्या आधी प्रसंग द्या : 'शनिवारी रात्रौ पालखीनंतर, सुमारे १२.३० वाजता'. गावातला माणूस पालखी धरून चालतो, त्याला पुरेसं आहे. म्हापसा-मडगावहून येणाऱ्यासाठी त्याखाली लहान अक्षरात 'शनिवार उजाडून रविवार लागणारी रात्र' अशी ओळ द्या. तिथीही छापत असाल तर कॅलेंडरात वार, तारीख आणि तिथी तिन्ही जुळतात का ते बघा.

शिरोरेखा :
ओळ चांगली आहे, पण 'उजाडून' शब्दाने शुक्रवारची रात्र पहाटेकडे जातेय असा भास होतो. 'शनिवार मावळल्यावरची रात्र' जास्त स्पष्ट वाटतं. त्याच काकींना दोन्ही दाखवा आणि त्या कोणता दिवस सांगतात ते बघा.

खारफुटी :
दाखवलं. 'पालखीनंतर' वाचताच 'शनिवारी देव फिरून आला की' असं म्हणाल्या, खालच्या ओळीकडे बघितलंही नाही. बाहेरगावच्या दोघांना 'मावळल्यावरची' लगेच कळली. तीच ठेवतो. उद्या एक प्रत काढायला देतोय.

शाईघर :
प्रत काढायला देताना सगळ्या बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जादा भाग), महत्त्वाचा मजकूर कडेपासून १० मिमी आत, आणि पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार केलेले असू द्यात, म्हणजे छापखान्याच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी 'ऱ्या' फुटणार नाही. मोतिया कड कापताना एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसण्याची शक्यता आहे, म्हणून ती १५ मिमीपेक्षा कमी करू नका. प्रत हातात आली की समितीच्या त्या एका माणसाची सही त्याच कागदावर, तारीख-वेळेच्या ओळीशेजारी घ्या. क्यूआर त्या छापील प्रतीवरून वेगवेगळ्या दोन फोनांनी वाचून, खात्यावर देवस्थानचंच नाव येतंय ना ते बघा, आणि मगच २०० प्रती सोडा.